मुऱ्हाळ्याची वाट

“ह्या सरांच्या घरात रोज कोण मरतं ओ?”

आवाज नळावरून आला. मी भिंतीच्या अलीकडे दोरीवर ओलं लुगडं टाकत होते. नऊवारी लुगडं ओलं झालं की एका माणसाला आवरत नाही. एक टोक दोरीवर, दुसरं खांद्यावर आणि मधला सगळा भार छातीशी धरून मी तशीच थांबले. विचारणाऱ्या सोनवणेकाकू शेजारच्या दोन खोल्यांमध्ये नुकत्याच राहायला आल्या होत्या. त्यांच्या विचारण्यात खोडसाळपणा नव्हता. दुपारचं ऊन जरा कलायला लागलं की आमच्या घरातून रडण्याचा आवाज यायचा. मग मोरीत तांब्यावर तांबे ओतल्याचा. मग मी ओलं लुगडं घेऊन बाहेर. कुणीही हाच अर्थ काढला असता.

“मरत कोणी नाही,” दुसरी बाई म्हणाली. “म्हातारीला चळ लागलाय. ती पोरगी तिला रोज अंगावरच्या कपड्यांसकट भिजवते. एवढं कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, पण तोंडातून शब्द काढत नाही.”

त्या आत जाईपर्यंत मी लुगड्याआड उभी राहिले. पाणी माझ्या पायांवर गळत होतं. बरं वाटत होतं. त्या दिवसात गार म्हणावं असं तेवढंच होतं.

यंदाही चैत्र संपता संपता धुळ्यात, आमच्या देवपुरातल्या कडुनिंबांना झोके लागले. शाळेच्या मागच्या मैदानात मोठ्या झाडाच्या फांदीला नवा दोर दिसला आणि मला एकदम थकल्यासारखं झालं. खरं तर आता थकण्यासारखं काहीच उरलेलं नाही. दुपारी पंखा लावून पुस्तक घेऊन पडता येतं. तरी तीन वाजायला आले की मी उठून बसते आणि मोरीतली बादली भरलेली आहे का ते पाहते. आखाजी जवळ आली की हात आपोआप त्या उन्हाळ्यात जातात.

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. खान्देशातल्या लेकींना दिवाळीपेक्षा ह्या सणाची ओढ. लग्न झालेल्या मुलीला माहेरी न्यायला भाऊ येतो किंवा भाच्याला पाठवतात. त्या न्यायला येणाऱ्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आला की सासू नाही म्हणत नाही. मग झोके, गाणी, आमरस, आणि काही दिवस कुणी हाक मारून उठवत नाही. एवढंच सुख, पण वर्षभर पुरवून वापरायचं.

मोठी माय म्हणजे माझ्या काकांची बायको. तिचं माहेर एरंडोलच्या पुढे, कापसाच्या शेतांमधलं एक लहान गाव. काका लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. पप्पा तेव्हा शिकत होते. पुढे ते धुळ्याला शाळेत गणिताचे शिक्षक झाले, देवपुरात घर बांधलं, आणि मोठी माय आमच्याकडे आली ती कायमची. मला तिनंच वाढवलं. आई शाळेत शिकवायला जायची, तेव्हा माझी वेणी, माझा डबा, माझे पडलेले दात, सगळं मोठ्या मायच्या हातात.

पप्पांनी मला इंग्रजी शाळेत घातलं आणि घरात नियम केला, शुद्ध बोलायचं. ते स्वतः अहिराणीत वाढलेले, पण नोकरीच्या पहिल्या वर्षी वर्गात मुलं त्यांच्या बोलण्याला हसली होती, ते त्यांच्या मनात राहिलं होतं. शाळेत मराठी बोललं की शिक्षा, घरात अहिराणी बोललं की पप्पांची नजर. मी बोलणंच कमी केलं. मोठ्या मायला त्याची गंमत वाटायची. मी शाळेतून आले की ती ओट्यावरून ओरडायची, “मन्ही मडम उनी!” म्हणजे माझी मॅडम आली. मग जवळ घेऊन म्हणायची, “इंग्रजीमा हास ना जरा. माले पाहू दे, कसं हासतस ते.” मी हसायचे. ती गंभीरपणे मान डोलवायची, जणू खरंच काहीतरी वेगळं ऐकू आलं.

तिचा भाऊ भिका दरवर्षी तिला न्यायला यायचा. लहानपणी ती सांगायची त्या गोष्टीत तो दमणी घेऊन यायचा, म्हणजे वरून झाकलेली हलकी बैलगाडी. मी पाहिला तो एसटीनं येणारा म्हातारा. काळी छत्री, हातात कापडी पिशवी, चेहऱ्यावर रस्त्याची धूळ. मोठ्या मायचं गाठोडं सकाळपासून बांधलेलं असायचं, पण तो दिसला की ती उगाच सूप घेऊन बसायची आणि म्हणायची, “येवढा उन्हमा कसाले उना रे?” तो तिच्याकडे पाहायचाही नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहायचा. आई पाण्याचा तांब्या घेऊन आली तरी हात पुढे करायचा नाही. पप्पांकडे बघून एकच वाक्य म्हणायचा. न्यायला आलोय, पाणी नंतर, आधी सांगा, पाठवता ना? हे तो त्याच्या बोलीत म्हणायचा. आणि पप्पा, आमचे शुद्ध बोलणारे पप्पा, हसून त्याच बोलीत उत्तर द्यायचे, “धाडतस, भाऊ, धाडतस!” वर्षभरात त्यांच्या तोंडून मी अहिराणी ऐकली ती तेवढीच. मग भिका पाणी प्यायचा, घटाघट, मान मागे टाकून.

भिका गेला त्या वर्षी मी दहावीत होते. निरोप आला तेव्हा मोठी माय गहू निवडत होती. ती उठली, मोरीत गेली आणि अंगावरच्या लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घेतलं. लांबून मरणाची बातमी आली की ती अशीच अंगावर घेतात. मग ती बसून रडली. मग लुगडं बदलून पुन्हा गहू निवडायला बसली. त्यानंतर आखाजीला तिला न्यायला कोणी आलं नाही, आणि तिनंही कधी विषय काढला नाही.

आजार कधी सुरू झाला ते नेमकं सांगता येणार नाही. वरणात दोनदा मीठ, दारात चपला शोधत बसणं, पप्पांना त्यांच्या भावाच्या नावानं हाक. मग तिची आमच्या घरातली शहरी मराठी गेली. एकेक शब्द गेला असेल, आमच्या लक्षात आलं ते सगळे गेल्यावर. उरली ती फक्त अहिराणी, आणि तीही नव्या सुनेची. डॉक्टर म्हणाले, म्हातारपणाचं आहे, मेंदू थकतो, औषध असं नाही, रागावू नका, वेळेवर जेवू घाला. माझ्याकडे ह्या सगळ्यासाठी इंग्रजी शब्द होते. ते घरात कुणाच्याच उपयोगाचे नव्हते.

त्या उन्हाळ्यात माझी बी.एस्सी.ची परीक्षा संपली होती आणि आई माझ्या ताईच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेली होती. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून मी तिला फोन करायचे. ती विचारायची, “जमतंय ना गं?” मागे बाळ रडत असायचं. मी म्हणायचे, “हो.”

मोठी माय मला ओळखत नव्हती. तिच्या लेखी मी तिची नणंद होते, सासरच्या माणसांनी पाळतीवर ठेवलेली. “तू माले जाऊ देवाव नही,” ती माझ्याकडे डोळे बारीक करून म्हणायची. “माले ठाऊक शे. सासूनी सांगं व्हई तुले.” सकाळी ती बरी असायची. चहात पोळी बुडवून खायची, अंगणातल्या चिमण्यांना शिव्या द्यायची. दुपारचं जेवण झालं, कूलरच्या वाळ्याचा वास घरभर पसरला आणि पप्पा आरामखुर्चीत पडले की तिच्या आत काहीतरी जागं व्हायचं. ती उठून तिचं हिरवं लुगडं, फणी, एक वाटी, कधी माझी एखादी वहीसुद्धा फडक्यात बांधायची. केस चोपून बसवायची. माझ्याकडे कुंकू मागायची. पहिल्यांदा मागितलं तेव्हा मी आरशाच्या फळीपाशी थबकले. मग बोट टेकवलं. ती आरशात स्वतःकडे न बघताच दारात जाऊन बसली.

“दमणी उनी का?”

मी आतून कडी लावून घ्यायचे.

“मन्हा भाऊ यी ऱ्हायना. आज आखाजी शे.” भाऊ येतोय, ह्याबद्दल तिला शंका नसायची.

आज आखाजी नाही, असं मी शुद्ध मराठीत म्हणायचे. ते तिच्यापर्यंत पोचायचं नाही. माझ्या तोंडची ती भाषा तिला सासरची वाटत असावी. ती आणखी ताठ बसायची. मग आवाज वाढायचा, मग कडीशी झटापट, मग पप्पा उठायचे. ते तिच्यासमोर उकिडवे बसायचे, तिचे हात हातात घ्यायचे आणि वर्गात प्रमेय समजावून सांगावं तसं शांतपणे सांगायचे, “वहिनी, भिकादादा गेले. बरीच वर्षं झाली.”

तिला ते तेव्हाच कळायचं. दर दुपारी पहिल्यांदा. तिचं तोंड उघडं राहायचं. “भिका गया? कव्हय? माले कोनी सांगं बी नही!” मग ती उठायची आणि मोरीकडे निघायची. तिला पाणी हवं असायचं, डोक्यावरून. नाही दिलं तर ती दगडावर डोकं आपटायची, म्हणून मी तांब्या भरून द्यायचे. धुळ्यात तेव्हा नळ एक दिवसाआड यायचा. आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पिण्याचं पाणी त्या उजाड दुपारी तिच्या पांढऱ्या केसांवरून, कुंकवावरून, लुगड्यावरून वाहून जायचं. “मन्हं मायेर उजाड व्हई गयं,” ती म्हणायची, आणि तिचा आवाज असा लागायचा की मला भिंतीकडे बघावं लागायचं.

अंग पुसून, कोरडं लुगडं नेसवून तिला खाटेवर बसवीपर्यंत तिचं दुःख संपलेलं असायचं. थकवा उरायचा, पण तो कशाचा ते तिला आठवत नसे. ती केसांना हात लावायची. “मन्हा केस वल्ला कसा शेतस?” आणि मग, माझ्याकडे बोट दाखवून पप्पांना, “हाई पोर रोज मन्हा आंगवर पानी टाकस.” पप्पा आरामखुर्चीत परत गेलेले असायचे, डोळ्यांवर हात घेऊन. ओलं लुगडं घेऊन मी बाहेर जायचे. संध्याकाळी पुन्हा चहा, रात्रीचा भात, आणि मनात सारखं उद्याच्या दुपारचं.

हे असं रोज चालायचं. वाचायला एकदा पुरेसं आहे. करायला रोज लागायचं.

एका संध्याकाळी ओट्यावर पाणी मारून आम्ही दोघं बसलो होतो. मी धीर करून विचारलं, “पप्पा, नाही सांगितलं तर?”

त्यांनी मला दादांची, म्हणजे त्यांच्या भावाची गोष्ट सांगितली. पप्पा जळगावला राहून शिकत होते. परीक्षा चालू होती आणि इकडे गावी त्यांचा भाऊ तापानं गेला. वहिनीनं सगळ्यांना बजावलं, पोराला कळवायचं नाही. गावचं एक माणूस बाजाराला जळगावला जात होतं, त्याच्या हाती तिनं सगळं ठीक असल्याचा निरोप पाठवला, बठ्ठं बरं शे, पेपर दे. पप्पांनी पेपर दिले. शेवटचा पेपर झाल्यावर गावी गेले, तर दारात वहिनी उभी. कपाळ मोकळं. आत कोणी नाही.

“मी बर्फी घेऊन गेलो होतो,” पप्पा म्हणाले. “तेव्हाच ठरवलं, कोणाचं मरण कोणापासून झाकायचं नाही. तिच्यापासून तर नाहीच. माणसाला खोट्यात ठेवणं म्हणजे त्याला माणसांतून काढणं.”

मी मान हलवली. त्याच पेपरांवर पप्पांची नोकरी, हे घर, माझी शाळा. हे माझ्या डोक्यात आलं. ओट्यावरून वाफ येत होती. पांझरा नदीकडून वाळूचा तापलेला वास आला. आत मोठी माय कुणाशी तरी हसून बोलत होती.

त्याच आठवड्यात ती निसटली. मी मोरीत होते, पप्पांचा डोळा लागला होता. शोधत शोधत मी पांझरेच्या पुलावर पोचले तेव्हा ती कठड्याला धरून उभी होती. पाय अनवाणी, काखेत गाठोडं. खाली कोरडं पात्र, त्यात डांगरांचे, म्हणजे खरबुजांचे वेल. सायकलवाले वळसा घालून जात होते. मला बघून ती पळू लागली. म्हाताऱ्या बाईनं पळणं म्हणजे काय, चार पावलं. मग ती खाली बसली आणि म्हणाली, “तू मन्हा मांगेच ऱ्हास. मी तुन्हं काय बिघाडं?” तिच्या तळव्यांना फोड आले होते. रिक्षात बसताना तिनं दोन्ही हातांनी बाहेरचा दांडा धरून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी पप्पांनी बाजारातून लोखंडी कडी आणली, दाराला बाहेरून लावायची. कागदात गुंडाळलेली. सुतार म्हणाला, आखाजी होऊ द्या सर, मग येतो. पप्पांनी ती कडी टेबलावर ठेवली. मी तिच्याभोवती पुसत राहिले. कडी लागली की दुपारी मी बाहेर उभी राहणार आणि ती आतून दार ठोकणार, आणि भिका रोज मरणार, बंद दारामागे. ह्याशिवाय मला पुढचं काही दिसत नव्हतं. पप्पांनाही दिसत नसावं. ते त्या दिवसांत दाढी करायला विसरायचे.

आखाजीच्या आदल्या दिवशी मोठ्या मायनं जेवण बंद केलं. घास तोंडाशी नेला की ती ओठ घट्ट मिटायची. “मायेरमा जेवसू,” एवढंच. दूध नाही, पाणी नाही, चहात बुडवलेली पोळीसुद्धा नाही. आणि दुसऱ्या दिवशी तरी तिचं खरं होतं. बाहेर खरोखरच आखाजी होती. गल्लीत लेकी आल्या होत्या, त्यांच्या बांगड्या वाजत होत्या, मैदानातून झोक्यावरच्या पोरींचे आवाज येत होते. ती दारात बसून ते ऐकत होती, आणि तिला आम्ही काय सांगणार होतो?

पुढचं आधी सांगून टाकते, कारण त्यात फार काही नाही. त्या दिवशी ती माझ्याबरोबर बाहेर पडली. मैदानातल्या कडुनिंबाखाली पोरींनी तिच्यासाठी झोका थांबवला. मी तिला बसवलं, दोन्ही हात दोरांना धरून दिले आणि अगदी हलके ढकललं. निंबाचा बारीक मोहोर तिच्या केसांत पडत होता. तिनं मला दोनदाच काही विचारलं. एकदा, “भिकानी धाडं का तुले?” मी “हा” म्हटलं. आणि सावल्या लांब झाल्यावर, स्वतःच झोक्यावरून पाय खाली टेकवत, “चाल, आते जाऊत ना? सासू वाट पाहत व्हई.” माहेरी गेलेली सून परत येतेच. हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आम्ही सगळे तिला अडवण्याच्याच विचारात होतो. घरी येऊन तिनं वाटीभर आमरस खाल्ला आणि पप्पांना, कुणीतरी परक्या पण भल्या माणसाला सांगावं तसं, माहेरचे आंबे किती गोड ते सांगितलं. पप्पा तिच्यासमोर उकिडवे बसले होते. ते ऐकत राहिले.

म्हणजे सगळं सुटलं असं नाही. मी पुढे रोज मुऱ्हाळी झाले. काही दुपारी ती आली. काही दुपारी तिनं माझ्याकडे पाहून मान फिरवली, “तू नही, भिका जोयजे,” आणि रडली, आणि मी तांब्या भरला. पाऊस लागला तेव्हा छत्री धरून मैदानाच्या कडेपर्यंतच जाऊन परत यायचो. माझे खांदे दुखायचे. रिझल्ट लागला, त्याचे पेढे तिनं माहेरचे समजून खाल्ले. पप्पा मात्र एकदाही चुकले नाहीत. मी दारात उभी राहून विचारलं की ते आरामखुर्चीतून उठून उभे राहायचे आणि वर्गातल्या आवाजात म्हणायचे, “धाडतस.” त्यांना तो शब्द दर वेळी गिळून मग बोलावा लागायचा, हे मला दिसायचं. कडी कागदातच राहिली. मोठी माय हिवाळ्यात गेली, भरताची वांगी बाजारात आली होती तेव्हा, सकाळी, चहाआधी. खाटेखाली गाठोडं होतं.

यंदा आखाजीला पप्पा दोन घागरी भरणार आहेत. आमच्याकडे ह्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं मातीची घागर भरतात आणि तिच्या तोंडावर डांगर ठेवतात, नदीच्या वाळूत पिकलेलं खरबूज. मघाशी त्यांनी विचारलं, “डांगरं आणतेस का?” मी छत्री घेतली. दाराबाहेर आले आणि उन्हात तशीच उभी राहिले, कारण त्या दिवशीही ह्याच कामाला गेले होते.

त्या दिवशी सकाळपासून पप्पा घागर धुऊन बसले होते. त्यांच्या भावाच्या नावाची घागर. मी पांझरेच्या काठावरून डांगर घेतलं, कापडी पिशवीत घातलं आणि पप्पांची काळी छत्री उघडून परत निघाले. रस्त्यावर डांबर मऊ झालं होतं. एक एसटी गेली आणि तिची धूळ माझ्या तोंडावर बसली. गल्लीत शिरले तर आमच्या फाटकाशी सोनवणेकाकू उभ्या. हातात झाकलेलं ताट, पुरणपोळीचा वास येत होता. त्या आत जायला कचरत होत्या, कारण उंबऱ्यावर मोठी माय बसली होती. हिरवं लुगडं, कुंकू, मांडीवर गाठोडं. ओठ सुकून पांढरे. आणि तिच्या मागे, घागर भरताना ओले झालेले हात धोतराला पुसत, पप्पा येत होते. ते तिच्या शेजारी उकिडवे बसले. त्यांनी तिचे हात हातात घेतले.

“वहिनी,” ते म्हणाले. “भिकादादा—”

त्याच क्षणी मोठ्या मायनं वर पाहिलं. पप्पांकडे नाही, माझ्याकडे. आधी छत्री पाहिली. मग पिशवी. मग धुळीनं भरलेले पाय. तिच्या चेहऱ्यावर इतके दिवस जी नणंद मी होते ती हळूहळू पुसली जात होती, तिथे अजून दुसरं कुणी आलेलं नव्हतं. पप्पांचं वाक्य अर्धं होतं. काकू फाटकाशी होत्या. जे बोलायचं होतं ते मी आयुष्यभर ऐकलं होतं, एकदाही बोलले नव्हते. मोठी माय पप्पांच्या हातातून एक हात सोडवून उठण्यासाठी टेकत होती. मी उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही. छत्री मिटली, पप्पांकडे पाहिलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

“लेवाले उनू. पानी मंग. पहिले सांगा, धाडतस ना?”